कागद नाहीत, म्हणून हक्कही नाहीत?



परदेशी गेलेल्या आपल्या माणसांविषयी आपण दोन आवाजांत बोलतो. ज्याला ग्रीन कार्ड मिळाले, ज्याने तिकडे घर घेतले, त्याच्याविषयी आपण मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात मोठ्याने बोलतो. पण ज्याचा व्हिसा संपला आणि तरीही जो तिथेच राहिला, त्याचे नाव हलक्या आवाजात आणि घरच्या घरात घेतले जाते. शेजाऱ्यांनी विचारले तर "बरा आहे, कामात आहे" एवढेच उत्तर मिळते.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे एक लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यात परत पाठवलेले १०४ भारतीय होते. बहुतेक जण हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते, पण तिघे आपल्या महाराष्ट्रातलेही होते. प्रवासभर त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. ती छायाचित्रे पाहून काहींना संताप आला, तर काहींनी "कायदा मोडला तर दुसरे काय होणार?" असे म्हटले. तेव्हापासून एक प्रश्न अनेकांनी मला निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. अशा माणसाला त्याचे कायदेशीर हक्क समजावून सांगणे योग्य आहे का? अधिकारी दारात आले तर काय करावे, अटक झाली तर मुलांचे काय, हे त्याला आधीच शिकवणे म्हणजे कायदा मोडायला मदत करणे नव्हे का?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून तो झटकून टाकता येणार नाही. आज त्याचाच विचार करू.

आक्षेपात तथ्य किती?

आधी आक्षेप घेणाऱ्याची बाजू नीट ऐकली पाहिजे. प्रत्येक देशाला आपल्या सीमा राखण्याचा अधिकार आहे. व्हिसासाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबणारी, नकार आला तर गुपचूप घरी बसणारी माणसेही आपल्यात आहेत. रांग मोडणाऱ्याला पाठिंबा दिला, तर रांगेत उभ्या असलेल्यावर अन्याय होतो. ख्रिस्तसभाही हे नाकारत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या श्रद्धाग्रंथाच्या २२४१ व्या परिच्छेदात दोन्ही बाजू एकत्र सांगितल्या आहेत. सुरक्षितता आणि उपजीविका शोधत येणाऱ्या परक्याला सधन देशांनी जमेल तितके सामावून घ्यावे, आणि आलेल्याने त्या देशाचे कायदे पाळावेत. यातले एक वाक्य उचलून दुसरे गाळणे हा अप्रामाणिकपणा होईल, मग गाळणारा कोणत्याही बाजूचा असो.

तेव्हा मुदत संपूनही राहणे चूक आहे, हे मान्य करून पुढे जाऊ. पण ती किती मोठी चूक आहे? आपण सर्रास "गुन्हेगार" म्हणतो. अमेरिकेचा कायदा मात्र फरक करतो. तपासणी चुकवून सीमा ओलांडणे हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. व्हिसावर रीतसर येऊन मुदतीनंतर राहणे हे मुख्यतः दिवाणी स्वरूपाचे उल्लंघन आहे. त्याचा परिणाम म्हणजे हद्दपारी. देशात नुसते राहणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ॲरिझोना राज्याच्या खटल्यात नमूद केले. शब्द जपून वापरणे हीसुद्धा न्यायाचीच बाब आहे. आठव्या आज्ञेत खोट्या साक्षीची मनाई आहे, आणि दुसऱ्याच्या चुकीला तिच्यापेक्षा मोठे नाव देणे हा खोट्या साक्षीचाच धाकटा भाऊ आहे.

हक्क कोठून येतात?

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातला प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. यरुशलेमेत संत पौलाला पकडून चाबकाने फोडण्यासाठी बांधतात. तेव्हा पौल शताधिपतीला विचारतो की, चौकशी न करता रोमन नागरिकाला फटके मारणे कायद्याला धरून आहे का? त्या एका प्रश्नाने हात थांबतात. पुढे तो थेट कैसराकडे दाद मागतो. प्रभूसाठी मरायला तयार असलेला हा माणूस आपला कायदेशीर हक्क वापरायला लाजला नाही.

पण पौल नागरिक होता. त्याच वेळी त्याच्या जागी एखादा परका बांधलेला असता तर? त्याच्या पाठीवर चाबूक पडला असता आणि कोणी हळहळलेही नसते. म्हणजे रोमन व्यवस्थेत हक्क कागदाला होता, पाठीला नव्हता.

नेमका हाच प्रश्न विसाव्या शतकात तत्त्वज्ञ हॅना आरेंट यांनी मांडला. नाझी राजवटीतून निसटलेल्या या जर्मन ज्यू विदुषी स्वतः अनेक वर्षे कोणत्याच देशाच्या नागरिक नव्हत्या. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या एकाधिकारशाहीवरील आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवले, की मानवी हक्कांच्या घोषणा कितीही केल्या तरी ज्याच्या पाठीशी एकही राष्ट्र नाही त्याचे हक्क राखायला कोणीच पुढे येत नाही. ज्याच्याकडे "केवळ माणूस" असण्यापलीकडे काही उरत नाही, त्यालाच हक्कांची सर्वांत जास्त गरज असते आणि नेमके त्यालाच ते मिळत नाहीत.

या दरीवर काही देशांच्या कायद्यांनी पूल बांधायचा प्रयत्न केला आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेची पाचवी आणि चौदावी दुरुस्ती कायद्याच्या योग्य प्रक्रियेची हमी देते, ती "व्यक्ती"ला देते, फक्त नागरिकाला नव्हे. १८८६ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका चिनी धोब्याच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण परक्यांनाही आहे असे ठरवले. १८९६ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की बेकायदा राहणाऱ्या चिनी माणसाला हद्दपार करता येईल, पण खटला न चालवता त्याला सक्तमजुरीची शिक्षा देता येणार नाही. १९८२ साली टेक्सासच्या खटल्यात निर्णय झाला, की आईबापांकडे कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेचा दरवाजा बंद करता येणार नाही. तो निर्णय पाच विरुद्ध चार अशा एका मताच्या फरकाने झाला.

आपल्या राज्यघटनेतही हाच भेद आहे. एकोणिसाव्या अनुच्छेदातली भाषण-संचाराची स्वातंत्र्ये नागरिकांना आहेत. पण चौदाव्या अनुच्छेदातली कायद्यापुढील समानता आणि एकविसाव्या अनुच्छेदातले जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य कोणत्याही व्यक्तीला आहे. घटनाकारांनी हा फरक समजून-उमजून केला.

कायदा सांगणे म्हणजे कायदा मोडणे नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांची कायद्याची व्याख्या आम्हाला पाठ करावी लागे. तिचे चार भाग आहेत: कायदा विवेकाला धरून असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची काळजी ज्याच्याकडे आहे त्याने केलेला असावा आणि तो जाहीर केलेला असावा. चौथा भाग विद्यार्थ्याला किरकोळ वाटतो. पण अक्विनास म्हणतात, की जो कायदा लोकांपर्यंत पोहोचला नाही त्याला कायद्याचे बळच येत नाही.

हे मनात ठेवून पाहा. माणसाला हद्दपार करण्याचा नियम जसा कायद्यात आहे, तसाच त्याची बाजू ऐकण्याचा नियमही त्याच कायद्यात आहे. गप्प राहण्याचा हक्क, वकील करण्याचा हक्क, न्यायाधीशासमोर उभे राहण्याचा हक्क ही कोणी शोधून काढलेली पळवाट नाही. हद्दपारीची कलमे ज्या राज्याची, त्याच राज्याने हेही ठरवले आहे. मग जो फक्त पहिला भाग माहीत असावा आणि दुसरा लपून राहावा असे म्हणतो, तो कायद्याचा आदर करत नाही. तो अर्ध्या कायद्याचा आदर करतो. उलट परक्याला त्याच्या भाषेत त्याचे हक्क समजावून सांगणारा माणूस कायदा जाहीर करण्याचेच काम पुरे करत असतो. एरवी हे हक्क असतात फक्त वकील परवडणाऱ्यांसाठी.

दुसरे कारण सत्याशी निगडित आहे. प्रक्रिया नसेल तर दोषी कोण आणि निर्दोष कोण हे कळणार कसे? मेरीलँडमध्ये राहणाऱ्या एका माणसाला त्याच्या मायदेशी, एल साल्वाडोरला, पाठवू नये असा न्यायाधीशाचा आदेश २०१९ पासून होता. तरी मार्च २०२५ मध्ये त्याला विमानात घालून तिथल्या तुरुंगात पाठवण्यात आले. चूक झाली हे सरकारी बाजूने न्यायालयात मान्य करावे लागले, आणि सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यानंतरही तो परत यायला जून उजाडला.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. २०२५ च्या जून महिन्यात आपल्या शेजारच्या मीरा रोड परिसरातून ताब्यात घेतलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. "आम्ही तर नागरिक आहोत, आम्हाला प्रक्रियेशी काय करायचे?" असे म्हणणाऱ्याने यावर विचार करावा. आपण नागरिक आहोत हे सिद्ध करायलासुद्धा कोणीतरी आधी आपले ऐकून घ्यावे लागते. माणसाचे ऐकल्याशिवाय नियमशास्त्र त्याचा न्याय करते काय, असा प्रश्न निकदेमाने परुश्यांच्या सभेत उभा केला होता. त्याला उत्तर मिळाले नाही, टोमणा मिळाला.

गप्प राहणे आणि खोटे बोलणे

इथे एक नैतिक गाठ आहे, ती सोडवली पाहिजे. "फादर, सत्य बोला असे तुम्हीच शिकवता, मग अधिकाऱ्यापुढे गप्प राहा असे कसे सांगता?"

अक्विनास यांनी आरोपीच्या कर्तव्यांची चर्चा केली आहे. त्यांचे मत आजच्या वकिलांपेक्षा कडक आहे. कायद्याने ज्याला अधिकार आहे अशा न्यायाधीशाने कायद्याच्या रीतीने विचारले, तर आरोपीने खरे सांगितलेच पाहिजे असे ते म्हणतात. पण त्या रीतीबाहेर विचारले, तर उत्तर देण्याचे बंधन नाही. मात्र तेव्हाही खोटे बोलता येणार नाही. सत्य न सांगणे वेगळे आणि असत्य सांगणे वेगळे. त्यांच्या काळच्या न्यायालयाच्या रीतीत आरोपीला गप्प राहण्याचा हक्क नव्हता. आज अमेरिकेच्या कायद्याची रीतच त्याला तो हक्क देते. म्हणजे त्यांच्याच कसोटीने आजचे मौन पाप ठरत नाही. प्रभू येशूही पिलातापुढे कित्येक प्रश्नांना गप्प राहिला, खोटे मात्र एकदाही बोलला नाही.

ही सीमारेषा नैतिक आहे तशीच व्यवहाराचीही आहे. आपण अमेरिकेचे नागरिक आहोत असे जो खोटेच सांगतो, त्याच्यावर त्या देशात पुन्हा रीतसर येण्याचा मार्ग बहुधा कायमचा बंद होतो. बनावट कागद दाखवणे हा तर फौजदारी गुन्हाच. म्हणून आपल्या माणसाला सांगायचे ते असे: खोटे बोलू नकोस, खोटा कागद दाखवू नकोस, पळू नकोस, हात उगारू नकोस. "मी गप्प राहू इच्छितो, मला वकिलाशी बोलायचे आहे" एवढे शांतपणे सांग. काही राज्यांत पोलिसांनी थांबवले तर नाव सांगावे लागते, तेवढे सांग. कळले नाही अशा कोणत्याही कागदावर सही करू नकोस. आपली सुनावणी आपणच सोडून देत असल्याचे त्यात लिहिलेले असू शकते.

घराच्या दाराविषयीही लोक विचारतात. अमेरिकेच्या घटनेची चौथी दुरुस्ती घराला विशेष संरक्षण देते. आत येण्यासाठी घरच्यांची संमती किंवा न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट लागते, ही तिथली प्रस्थापित समज आहे. इमिग्रेशन विभागाच्या अधिकाऱ्याने स्वतःच सही केलेले वॉरंट वेगळे. ते अटकेसाठी असते आणि तेवढ्यावर घराचे दार उघडण्याचे बंधन येत नाही, असे वकील सांगत आले आहेत. म्हणून दार न उघडता, वॉरंट फटीतून किंवा खिडकीतून दाखवायला सांगावे आणि सही कोणाची आहे ते पाहावे. हद्दपारीचा अंतिम आदेश निघालेल्यांच्या घरांबाबत या विभागाने वेगळी भूमिका घेतल्याचे जानेवारी २०२६ मध्ये उघड झाले आणि त्यावर वाद सुरू झाला. तेव्हा जबरदस्तीने कोणी आत आलेच, तर अडवू नये. "माझी संमती नाही" एवढे म्हणावे आणि बाकीचे वकिलावर सोपवावे. विमानतळावर आणि सीमेवर नियम आणखी वेगळे आहेत, हेही विसरू नये.

तयारी हा दूरदृष्टीचा भाग आहे

काही जण म्हणतात, "वाईट बोलू नये, देवावर विश्वास ठेवावा." विश्वास ठेवावाच. पण व्यवहारज्ञान हा मुख्य सद्गुणांपैकी एक आहे, आणि दूरदृष्टी हा त्याचा महत्त्वाचा भाग, असे अक्विनास सांगतात. पावसाळ्याआधी घर शाकारणाऱ्याला आपण अविश्वासू म्हणत नाही.

तयारीत पहिला विचार मुलांचा. आईबाप दोघेही एका सकाळी उचलले गेले, तर दुपारी शाळेतून मुलाला घ्यायला कोण जाणार? बहुधा हे मूल तिथेच जन्मलेले, अमेरिकी पासपोर्टचे असते. विश्वासातल्या, कागदपत्रे पक्की असलेल्या माणसाचे नाव शाळेत नोंदवून ठेवावे. मुलाच्या देखभालीसाठी त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र किंवा तात्पुरत्या पालकत्वाचा कागद करून ठेवावा. औषधे, ॲलर्जी, डॉक्टरांचे नाव लिहून ठेवावे. मुलाचा पासपोर्ट काढून ठेवावा.

दुसरा विचार कागदांचा. पासपोर्ट, जन्मदाखले, विवाहाचा दाखला, कर भरल्याच्या पावत्या, किती वर्षे राहत आहोत याचे पुरावे यांच्या प्रती एका पिशवीत आणि एक संच भारतातल्या घरी असावा. इमिग्रेशन विभागाने कधी फाइल उघडली असेल तर "ए" अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. अटकेनंतर माणूस कोणत्या केंद्रात आहे हे शोधायला तो क्रमांक उपयोगी पडतो, म्हणून तो घरच्यांकडे असावा. एक-दोन फोन नंबर तोंडपाठ असावेत, कारण मोबाइल काढून घेतला जातो.

तिसरा विचार वकिलाचा. इमिग्रेशन कोर्टात वकील करण्याचा हक्क आहे, पण सरकार त्याचा खर्च देत नाही. म्हणून आधीच खरा वकील गाठावा. अनेक धर्मप्रांतांच्या कॅथलिक सेवासंस्था कमी खर्चात अशी मदत करतात. "मी पेपर करून देतो" म्हणणाऱ्या एजंटापासून दूर राहावे. घरदार गहाण टाकायला लावणारे एजंट आपल्याला काही नवीन नाहीत. वेळेचेही भान हवे: आश्रयाचा अर्ज साधारणपणे देशात आल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीला कळवायला सांगण्याचा हक्क आहे, हेही माहीत असावे.

आणि दूरदृष्टीत एक अवघड प्रश्नही येतो, तो टाळू नये: परत यावे का? १९९६ च्या कायद्याने १८० दिवसांहून अधिक काळ विनापरवाना राहून देश सोडणाऱ्यावर तीन वर्षांची, आणि एक वर्ष किंवा अधिक राहिल्यास दहा वर्षांची प्रवेशबंदी येते. हा हिशेब वकिलाबरोबर बसून करावा. कोणाच्या बाबतीत थांबण्यात अर्थ असेल, तर कोणाच्या बाबतीत मानाने घरी येणेच शहाणपणाचे असेल. तो माणूस रिकाम्या हाताने आला तर आपण त्याचे स्वागत कसे करणार, यावर त्याचा निर्णय बराचसा अवलंबून असतो. "लोक काय म्हणतील" या भीतीने तिकडेच अडकून पडलेल्यांना आपण, म्हणजे हे लोकच, अडकवून ठेवत असतो.

अमेरिकेचे हे नियम आखातात लागू नाहीत, एवढी सूचना करतो. तिथे मधूनमधून माफीची मुदत जाहीर होते. संयुक्त अरब अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात दंडाशिवाय कागद नीट करण्याची किंवा देश सोडण्याची संधी दिली होती. अशा बातमीकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे.

मदतीची मर्यादा

इतके सांगून मर्यादाही सांगितली पाहिजे. हक्क समजावणे योग्य, खोटी गोष्ट रचून देणे अयोग्य. वकील गाठून देणे योग्य, पैसे घेऊन माणसे लपवणे किंवा सीमा पार करून देणे अयोग्य. ज्याने कोणाला इजा केली, लुबाडले, त्याला न्यायापासून वाचवणे तर दयाही नव्हे आणि न्यायही नव्हे.

आणि रीतसर सुनावणी होऊन, अपील होऊन, शेवटी "परत जा" असाच निर्णय झाला तर? त्या निर्णयाला राज्याचा अधिकार आहे, हे मी नाकारत नाही. पण तो कायदेशीर आहे एवढ्यावरून तो न्याय्य ठरतो असेही नाही. वीस वर्षे प्रामाणिकपणे कष्ट केलेल्या बापाला शाळकरी मुलांपासून तोडणे ही मुदतीपेक्षा जास्त राहण्याच्या चुकीच्या प्रमाणातली शिक्षा आहे का? चूक आणि परिणाम यांत प्रमाण राखणे हा न्यायाचा गाभा आहे. इथे कायदा बदलावा लागेल, आणि तो बदलण्याची मागणी करणे हे कायद्याच्या आदरात बसते. अमेरिकेच्या आणि मेक्सिकोच्या बिशपांनी २००३ च्या संयुक्त पत्रात हेच मागितले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या बिशपांनी पुन्हा एकदा, सीमा राखण्याचा देशाचा अधिकार मान्य करूनच, सरसकट हद्दपारीला विरोध केला.

भीतीने काय होते तेही पाहा. चर्च, शाळा, इस्पितळे अशा ठिकाणी शक्यतो अटक करू नये हा तिथला जुना दंडक जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या बिशपांनी, अटकेच्या भीतीने जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांना रविवारच्या मिस्साच्या बंधनातून मोकळीक दिली. महासाथीच्या काळात अशी मोकळीक आपल्यालाही मिळाली होती. पण तेव्हा भीती रोगाची होती.

तेच माप आपल्यालाही

शेवटी आपल्या दाराशी येतो. न्यू जर्सीतल्या आपल्या भाच्याला कोणी नाव-गाव न विचारता उचलू नये असे आपल्याला वाटते. मग आपल्याच तालुक्यात, नालासोपाऱ्याच्या चाळीत किंवा इमारतीच्या साइटवर, वेगळी भाषा बोलणाऱ्या मजुराकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? त्याच्या बोलण्यावरून आपण त्याचा देश ठरवतो का? त्याची मजुरी बुडवली आणि "तक्रार कर, बघू कुठे जातोस" असे म्हटले, असे आपल्या ओळखीत कोणी केले आहे का? ज्या मापाने आपण मोजतो त्याच मापाने आपल्यालाही मोजले जाईल, असे प्रभू सांगतो. इथे तर ते माप दोन्ही बाजूंना आपल्याच माणसांना लागणार आहे.

तेव्हा या रविवारी घरी गेल्यावर एक काम करा. ज्याचे नाव आपण हलक्या आवाजात घेतो, त्या आपल्या माणसाला फोन करा. पैशांविषयी विचारू नका. कागद कुठे ठेवले आहेत, वकील पाहिला का, मुलांची सोय कोण करणार, हे विचारा. आणि परत यावेसे वाटले तर घर उघडे आहे, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. अजूनही लाज वाटत असेल, तर आठवा की हेरोदाच्या भीतीने रात्रीतून इजिप्तला गेलेल्या कुटुंबातल्या मुलालाच आपण प्रभू म्हणतो.

प्रभूच्या सेवेत आपला,
धर्मगुरू